हौसेचे मोल

गेल्या मे महिन्यात माझी भाची पुण्याहून सांगलीला चार दिवसांसाठी आली होती. एका सॉफ्टवेअर कंपनीत तिला आठ वर्षे झाली आहेत. पगार चांगला आहे, फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. कॉलेजपासून ती नाटकात काम करते. एका हौशी संस्थेत संध्याकाळी तालमी, शनिवार-रविवारी प्रयोग, वर्षातून एखादी स्पर्धा, असे तिचे चालले आहे. आता मुंबईच्या एका निर्मात्याने तिला व्यावसायिक नाटकात मोठी भूमिका देऊ केली होती. महिन्याला वीसेक प्रयोग, मधून मधून दौरे, आणि प्रत्येक प्रयोगामागे ठरलेली 'नाइट'. नोकरी सांभाळून हे जमणार नव्हते. रात्री गच्चीवर अंथरुणे घातल्यावर तिने मला विचारले, "मावशी, तुलाही असंच बोलावणं आलं होतं ना? तू का गेली नाहीस?"

माझे उत्तर तयार होते. चाळीस वर्षे मी तेच देत आले आहे. म्हटले, "हौस पोटाला बांधली की मरते गं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कोणाची मेली? एक तरी नाव सांग."

मला नाव सांगता आले नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून जुन्या नटांची चरित्रे आणि नाटक मंडळ्यांचे इतिहास वाचण्याचा मला नाद आहे, आणि तरीही नाव सुचले नाही. ती पुण्याला परतल्यावर मी कपाटातली पुस्तके पुन्हा खाली काढली. आपण चाळीस वर्षे सांगत आलो ते मराठी रंगभूमीच्या इतिहासात खरेच कुठे घडले आहे का, हे पाहायचे होते.

शब्दापासून सुरुवात

'हौस' हा शब्द अरबी-फारसीतल्या 'हवस' पासून आपल्याकडे आला. मूळ शब्दात तीव्र इच्छेचा, लालसेचाही अर्थ आहे. मराठीत येता येता त्यातली आग निवली आणि तो डोहाळजेवणाच्या, लग्नाच्या, दागिन्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. 'हौसेला मोल नाही' असे आपण म्हणतो. या म्हणीचे दोन अर्थ होतात. हौस अमोल आहे, हा एक. हौसेचे पैसे कोणी देत नाही, हा दुसरा.

रंगभूमीवर या शब्दाला जोडीदार मिळाला तो 'धंदेवाईक'. जुन्या लिखाणात 'धंदेवाईक नाटक मंडळी' हा शब्द सरळ वर्णन म्हणून येतो, त्यात हेटाळणी असतेच असे नाही. पुढे त्याला वास येऊ लागला म्हणून 'व्यावसायिक' हा सभ्य पर्याय रूढ झाला. आज 'धंदेवाईक' ही जवळजवळ शिवी आहे, आणि 'हौशी'देखील, कारण 'हौशी कलाकार' म्हणताना आपला आवाज किंचित खाली येतो. एकाला पैशाचा डाग आणि दुसऱ्याला कच्चेपणाचा. या दोन शब्दांमधली रेघ कोणी, कधी आणि कशासाठी ओलांडली, हे पाहायचे तर सुरुवात माझ्याच गावापासून करावी लागते.

राजाश्रय संपला तेव्हा

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी तसे, पण त्याहून नेटके काही आपल्याकडे करावे असे भाव्यांना सुचवले. भावे तेव्हा पंचविशीच्या आसपासचे होते. गोष्टी रचण्याचा आणि लाकडी बाहुल्या करण्याचा त्यांना छंद होता. त्यांच्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी जतन केल्या. छंद असलेला तरुण आणि हौशी राजा, अशी ती गाठ पडली.

त्या आठ वर्षांत भाव्यांना तिकिटाची चिंता नव्हती. खर्च दरबाराचा आणि प्रेक्षकही दरबाराचे. १८५१ मध्ये अप्पासाहेब वारले आणि चित्र पालटले. मागे उरलेल्या कारभाऱ्यांना नाटकाचे कौतुक नव्हते. अपेक्षित मदत मिळाली नाही, अंगावर कर्ज होते आणि हाताशी तयार झालेला नटांचा संच होता. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव खेळ करायला सुरुवात केली. १८५३ मध्ये ते मुंबईला पोहोचले आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून मराठी नाटकाचे प्रयोग झाले.

आपली व्यावसायिक रंगभूमी अशी जन्माला आली. 'छंदाला व्यवसाय करावे का' असा विचार भाव्यांनी एखाद्या निवांत संध्याकाळी केला नव्हता. आधी जो खर्च भागवत होता तो माणूस गेला आणि तो खर्च प्रेक्षकांकडून भागवण्याची वेळ आली. म्हणजे तिकीट लावण्यापूर्वीही नाटकाला पैसा लागतच होता, तो दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून येत होता. दहाएक वर्षे दौरे करून भाव्यांनी नाटकाचा संसार आवरला आणि पुढची जवळजवळ चार दशके ते त्यापासून दूर राहिले. १९०१ मध्ये ते वारले. हौस मेल्याचे उदाहरण म्हणून मी हे नाव भाचीला सांगू शकले असते. पण १८८५ मध्ये त्यांनी आपल्या नाटकांतली पदे एकत्र करून 'नाट्यकवितासंग्रह' छापला. हौस मेलेला माणूस वीस-बावीस वर्षांनी जुनी पदे गोळा करत बसत नाही.

कचेरीतले शाकुंतल

भाव्यांचे 'सीतास्वयंवर' झाले त्याच १८४३ साली, मार्च महिन्यात, बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म झाला. तेच अण्णासाहेब. पुण्यात शिकायला पाठवले तर नाटकवाल्यांना पदे रचून देण्यात रमलेला हा मुलगा. पुढे बेळगावात शिक्षकी, मग रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी, आणि संध्याकाळी हौशी मंडळी जमवून नाटके. सदतिसाव्या वर्षापर्यंत अण्णासाहेब हौशीच होते. आजच्या भाषेत बोलायचे तर पगारी नोकरी आणि 'वीकएंड'चे नाटक.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी, दिवाळीच्या तोंडावर, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल' चे पहिले चार अंक झाले. पात्रांच्याच तोंडी गाणी देणारे हे नाटक लोकांना इतके आवडले की पाहता पाहता मंडळीचे पूर्ण वेळेचे बिऱ्हाड झाले. कचेरी मागे पडली. बडोद्यात नोकरी करणारे भाऊराव कोल्हटकर १८८२ मध्ये येऊन मिळाले आणि त्याच वर्षी 'संगीत सौभद्र' आले. मग १८८४ मध्ये 'रामराज्यवियोग' चे पहिले अंक, आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब गेले. वय बेचाळीस.

पूर्ण वेळ नाटकाला त्यांना मिळाली फक्त पाच वर्षे. पण ज्या कामासाठी आपण त्यांना ओळखतो ते जवळजवळ सगळे याच पाच वर्षांतले आहे. आधीची पंधरा-वीस वर्षे वाया गेली असे मी म्हणणार नाही, कारण पदरचनेची पक्की तयारी त्याच काळातली. पण 'सौभद्र' साठी जी मंडळी लागली, रोजची तालीम, रोज गाणारे गळे, गावोगावचा प्रेक्षक, ती हौशी मंडळात मिळाली नसती. धंद्यात आणल्याने अण्णासाहेबांची हौस मेली नाही, उलट तिला पहिल्यांदा पुरेसा वेळ मिळाला. माझ्या उत्तराला इथे पहिला तडा गेला.

'आज नको' म्हणण्याचा हक्क

मग धंदा काही घेतो की नाही? घेतो. काय घेतो ते बालगंधर्वांच्या आयुष्यात दिसते. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. १९११ च्या मार्चमध्ये मुंबईत 'मानापमान' च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी वारली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकिगत मराठी घरांत अजून सांगितली जाते. आपण ती निष्ठेची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण या वेळी ती वाचताना मला आणखी काही दिसले. बाहेर तिकिटे विकली गेलेली, मंडळीतल्या माणसांचे पगार त्या पडद्यावर अवलंबून. हौशी संस्थेत असे झाले असते तर प्रयोग पुढे ढकलला गेला असता आणि कोणी शब्दही काढला नसता. धंद्यातल्या नटाला 'आज नको' असे म्हणण्याची सोय नव्हती.

पुढे १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. भागीदार एकेक करून दूर झाले आणि कंपनीचा सगळा भार नारायणरावांवर आला. शालू खरे, अत्तर खरे आणि कर्जही खरे. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि काही वर्षांत नाटक कंपन्यांचा पाया खचला. १९३५ मध्ये स्वतः बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' मध्ये एकनाथ झाले. पण तिथे ते रमले नाहीत आणि परत रंगमंचावर आले. धंदा म्हणून पाहिले तर हा निर्णय चुकलाच. पण तीस वर्षे धंदा करूनही हौस किती शिल्लक होती याचा याहून मोठा पुरावा कोणता?

थोडक्यात, व्यवसायाने माणसाचे कलेवरचे प्रेम जात नाही. जातो तो नकार देण्याचा हक्क. कंटाळा आला म्हणून, घसा बसला म्हणून, संहिता पटत नाही म्हणून 'आज नको' म्हणता येणे, ही हौशी माणसाची खरी कमाई असते. ती त्याला फुकट मिळालेली नसते. ती त्याच्या दुसऱ्या नोकरीने विकत घेतलेली असते.

ज्यांच्यापाशी ती नोकरी नव्हती त्यांचे काय? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याबद्दल सांगतात की भर तमाशात कळा सुरू झाल्यावर त्या पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. राष्ट्रपतिपदक मिळवलेल्या या कलावतीची २००२ मध्ये अखेर झाली ती हलाखीत. त्यांना कोणी 'छंदाला व्यवसाय करू का' असे विचारायला आले नव्हते. तमाशा हे त्यांच्या घराण्याचे काम होते. 'हौशी' हा शब्द लावायला आधी पोट भरलेले असावे लागते, आणि मराठी समाजात पोट भरलेले असणे आणि जात यांचे नाते जुने आहे. मी ज्या हौसेचा चाळीस वर्षे अभिमान बाळगला, ती माझ्या वाट्याला येण्यासाठी किती गोष्टी आधीच माझ्या बाजूने उभ्या होत्या, हे या वाचनाने मला पहिल्यांदा नीट उमगले.

पगारावर उभी राहिलेली रंगभूमी

कंपन्या बुडाल्यावर मराठी नाटक कोणी जगवले? याचे उत्तर पगारदारांनी असे आहे. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणले. नवे नाटक, नवा नेपथ्यविचार, स्त्रियांच्या भूमिकेत स्त्रिया. संस्था फार टिकली नाही, पण नाटक हे शिकल्या-सवरल्या माणसांचे काम होऊ शकते हे तिने दाखवले. १९४३ मध्ये सांगलीत रंगभूमीचा शताब्दी महोत्सव झाला. पुढच्याच वर्षी मुंबई मराठी साहित्य संघाने महोत्सव भरवला आणि त्यामागे उभे राहिले ते डॉ. अ. ना. भालेराव, पेशाने डॉक्टर. १९५४ पासून सरकारची नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि गावोगावचे शिक्षक, कारकून, तलाठी, वकील तोंडाला रंग लावू लागले. मुंबईच्या गिरणगावात कामगारांची नाटके पाळी संपल्यावर उभी राहत होती. बँका, विमा, टपाल, रेल्वे यांच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. मी त्यातच वाढले.

साडेपाचला काउंटर बंद, हिशेब जुळला की सातला तालीम, दहाला घर. आमचा दिग्दर्शक शाळामास्तर होता, प्रकाशयोजना बघणारा वीज मंडळात होता. आम्ही सगळे मोठ्या अभिमानाने 'आम्ही पैशासाठी करत नाही' असे म्हणायचो. ते खरेही होते. पण आमच्या नाटकाला पैसा लागत नव्हता असे नव्हे. तो बँकेच्या पगारातून येत होता, म्हणजे दरमहा एक तारखेला आमचे अप्पासाहेब पटवर्धन खिडकीतून पाकीट देत होते. आणि पुरुष नटांच्या बाबतीत आणखी एक आश्रयदाती होती, रात्री दहाला झाकून ठेवलेले ताट गरम करून देणारी घरातली बाई. तिचे नाव कुठल्याच श्रेयनामावलीत नसे.

या व्यवस्थेने नाटकाला मोठे धाडस दिले हे मान्यच करायला हवे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणले. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ होण्याच्या वाटेवर. इतक्या माणसांची भिंत रोज नाइट देऊन उभी करणे कुठल्याही निर्मात्याला जड गेले असते. हे नाटक तसे उभे राहू शकले ते सगळ्यांची पोटे दुसरीकडे भरलेली होती म्हणून.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. नाटकावर वादळ उठले आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेच्या नेतृत्वाने ते थांबवले. एखाद्या व्यावसायिक कंपनीच्या मालकाने गर्दी खेचणारे नाटक एकोणिसाव्या प्रयोगाला बंद केले असते असे मला वाटत नाही. हौशी संस्थेला थांबणे परवडते, कारण थांबल्याने कोणी उपाशी राहत नाही. 'आज नको' म्हणण्याचा जो हक्क मी वर हौशी माणसाची कमाई म्हणून सांगितला, तोच इथे नाटकाच्या मुळावर आला. ज्यांना ते करायचे होते त्यांनी बाहेर पडून २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकॅडमी स्थापन केली, आपापले पेशे सांभाळून ते नाटक पुन्हा उभे केले आणि १९८० मध्ये युरोपात नेले. आगाशे पुढे मानसोपचाराचे प्राध्यापक झाले, पटेलांनी वैद्यकी करत चित्रपटही केले. दोन्ही डगरींवर हात ठेवूनही माणसे मोठे काम करू शकतात, हे या मंडळींनी दाखवले.

डॉक्टरने दवाखाना सोडला

दुसरी वाट डॉ. श्रीराम लागूंची. जन्म १९२७. कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात वैद्यकीय शिक्षण चालू असताना नाटकाची ओढ लागली. त्याच प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये भालबा केळकरांबरोबर वर्षानुवर्षे हौशी नाटके केली. पुण्यात व्यवसाय, परदेशात पुढचे शिक्षण, मग आफ्रिकेत टांझानियात वैद्यकी. १९६९ मध्ये त्यांनी ते सगळे सोडले आणि वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' मधून पूर्ण वेळ नट झाले. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' आले.

लागूंच्या निर्णयाला आपण धाडस म्हणतो आणि ते होतेच. पण मला त्यातला उशीर जास्त महत्त्वाचा वाटतो. पंधराहून अधिक वर्षे ते हौशी राहिले. आपल्याला यातून काय हवे आहे आणि आपल्यापाशी काय आहे, हे त्यांनी त्या काळात पारखून घेतले असणार. त्यांच्या हाती पदवी होती आणि ती कोणी काढून घेणार नव्हते. दंतवैद्यक सोडून आलेले काशीनाथ घाणेकर १९६२ च्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' पासून लोकांच्या गळ्यातले ताईत झाले होते. तरी लागूंनी लगेच उडी घेतली नाही.

आणखी एक गंमत. 'नटसम्राट' ही व्यावसायिक रंगभूमीची शिखरभूमिका मानली जाते, पण ते नाटक आणले दि गोवा हिंदू असोसिएशनच्या कलाविभागाने. या संस्थेचे कार्यकर्ते आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे काम करत आणि नाटकांची मिळकत समाजकार्याकडे वळवत. म्हणजे नोकरी सोडलेला नट आणि नोकरी न सोडलेले निर्माते मिळून ते नाटक झाले. हौशी आणि धंदेवाईक यांच्यामधली रेघ आपण समजतो तितकी ठळक कधीच नव्हती. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर ती रेघ दिसतही नाही. भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली की वडशाच्या कंपन्या गावोगावच्या मंडईला निघतात. तिकीट लावून रात्रभर नाटक चालते. त्यातले कितीतरी नट उन्हाळा-पावसाळ्यात शेतात असतात. त्यांना कोणी विचारले की तुम्ही हौशी की व्यावसायिक, तर ते बहुधा विचारतील, कोणत्या महिन्यातली गोष्ट करताय?

माझे खाते

आता माझ्या खात्याकडे येते. १९८५ साली स्पर्धेतले माझे काम पाहून एक निर्माते बँकेत भेटायला आले होते. काउंटरपलीकडे उभे राहूनच बोलले. मी 'घरी विचारून कळवते' म्हटले. घरी मुलगा दोन वर्षांचा होता, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, यजमान नोकरीनिमित्त कोल्हापूरला. दौऱ्यावर जाणारी सून हा विषय आमच्या घरात काढताही आला नसता. मी घरी विचारलेच नाही. दुसऱ्या दिवशी नकाराचे पत्र टाकले. त्यात लिहिले होते की मला माझी हौस हौसच ठेवायची आहे.

ते वाक्य चांगले होते. लोकांनी त्याचे कौतुक केले. हळूहळू माझाही त्यावर विश्वास बसला. भाचीच्या प्रश्नानंतर जेव्हा मी दीडशे वर्षांचा हा हिशेब मांडला, तेव्हा माझे वाक्य त्यात कुठेच जुळेना. आमच्या भाषेत सांगायचे तर 'ताळा' बसेना. मी हौस वाचवण्यासाठी थांबले नव्हते. घरातली कामे कोण करणार, याचे उत्तर नव्हते म्हणून थांबले होते. आणि थोडी घाबरलेही होते. रोज उभे राहिल्यावर आपण तितक्या चांगल्या नाही असे निघाले तर? हौशी राहण्यात ही एक सोय असते, माप पूर्ण लागत नाही.

मला पस्तावा आहे का? पूर्णपणे नाही. बँकेत मी मन लावून काम केले, निवृत्तीपर्यंत दरवर्षी एक तरी नाटक केले आणि पटली नाही ती संहिता कधी केली नाही. हे थोडे नाही. पण मी निवडले आणि माझ्यासाठी निवडले गेले, यात फरक आहे, आणि तो मी चाळीस वर्षे झाकून ठेवला.

ऑगस्टमध्ये भाचीला फोन केला. म्हटले, "तू विचारलेलं नाव मला सापडलं नाही. माझं उत्तर चुकीचं होतं." मग भाव्यांचे कर्ज, अण्णासाहेबांची कचेरी, लागूंचा उशीर, घाशीरामचे एकोणीस प्रयोग, सगळे तिला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे जाऊ का नको, ते सांग ना."

मी म्हणाले, "ते मी सांगणार नाही. फक्त प्रेम टिकेल का, ही काळजी सोड. ते टिकतं. तुला 'आज नको' म्हणता येणार नाही, त्याची तयारी आहे का, ते बघ. आणि तू गेलीस तर फ्लॅटचा हप्ता कुठून येणार, तो आकडा कागदावर लिही. इथेच राहिलीस, तर नाटकाचे पैसे तुझी नोकरी भरतेय हे विसरू नकोस, म्हणजे नोकरीला शिव्या देणार नाहीस."

तिने कंपनीत आठ महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. दोन आठवड्यांच्या घासाघिशीनंतर सहा महिन्यांची मिळाली. पुढचे पुढे. अण्णासाहेबांनाही 'शाकुंतल' चे पहिले चारच अंक घेऊन उभे राहावे लागले होते, असे मी तिला म्हटले तेव्हा ती हसली.

तिच्या नाटकाचा सांगलीचा प्रयोग दिवाळीनंतर आहे. पास पाठवते म्हणाली. मी नको म्हटले. चाळीस वर्षे मी ओळखीने आणि पासावर नाटके पाहिली. हे मी तिकीट काढून पाहणार आहे.